‘मस्ट’ या शब्दाची वारसनोंद

जालना शहराच्या पूर्वेस जो चौकोनी कोट आहे, ज्याच्या कोपऱ्यांना अर्धवर्तुळाकार बुरूज आहेत आणि ज्याच्या आतल्या बालेकिल्ल्यावर बांधणीचे साल सांगणारा फार्शी शिलालेख आहे, त्या बालेकिल्ल्यास मस्तगड असे म्हणतात. १७२४ च्या ऑक्टोबरात साखरखेर्ड्याच्या मैदानावर मुबारिजखानाचा पराभव करून दख्खनचा सुभा आपल्या कबजात पक्का करणाऱ्या निजामउल्मुल्क आसफजाहास औरंगाबादेपेक्षा जालन्याची हवा अधिक मानवत असे, आणि त्याच्याच हुकमावरून काबिलखानाने १७२५ मध्ये हे बांधकाम सिद्धीस नेले. आतील मोठ्या विहिरीभोवती ओवऱ्या आणि दालने काढलेली आहेत. पुढे या वास्तूत नगरपालिकेचे दफ्तर आले, भोवतालच्या वस्तीसही तेच नाव पडले, आणि नावातला अर्थ मागे पडून तो शब्द रिक्षावाल्याच्या व टपालवाल्याच्या तोंडी निव्वळ पत्ता होऊन बसला.

या नावातील ‘गड’ हे पद देशी आणि ‘मस्त’ हे फार्शी. इंग्रजी शिकू लागलेल्या मराठी विद्यार्थ्याच्या कानास या ‘मस्त’च्या अगदी शेजारचा वाटावा असा एक शब्द प्रारंभीच्या इयत्तांतच भेटतो, तो ‘मस्ट’. अमुक केलेच पाहिजे, असा धाक घालणारा हा शब्द इतका सामान्य, की त्याच्या कुळाची चौकशी करावी असे कोणाच्या मनात सहसा येत नाही. परंतु ज्या ऑक्सफर्ड कोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि शेवटचा १९२८ साली, तसला एखादा विस्तृत इंग्रजी कोश उघडून पाहिल्यास याच अक्षरांखाली एक नव्हे, तर अनेक शब्द वेगवेगळे क्रमांक घेऊन उभे असलेले आढळतात. एका शब्दाचे अनेक अर्थ, अशी जी आपली समजूत असते ती येथे फसवी ठरते. अनेक शब्दांचा एक उच्चार, हीच वस्तुस्थिती होय. वारसाच्या दाव्यात केवळ नावसाधर्म्यावर मिळकत मिळत नाही, दस्तऐवज रुजू करावा लागतो. व्युत्पत्तीच्या दाव्यात दस्तऐवजाचे हे काम ध्वनिनियम करतात. हा न्याय लावून ‘मस्ट’ आणि त्याच्या आसपास वावरणाऱ्या शब्दांची कैफियत तपासली, तर जे शब्द जुळे दिसतात ते परके निघतात आणि ज्यांची ओळखदेख नाही असे वाटते ते सख्खे निघतात.

आरंभ आपल्याच घरातील ‘मस्त’पासून करणे सोयीचे. फार्शीत या शब्दाचा अर्थ दारूच्या अंमलाखाली असलेला, धुंद. माधव त्रिंबक पटवर्धन, म्हणजे कवी माधव ज्यूलियन, यांनी १९२५ साली सिद्ध केलेल्या फार्शी-मराठी कोशावरून नजर फिरविणाऱ्यास हे सहज ध्यानात येते, की मराठीने फार्शी शब्द घेताना अर्थाचे बंधन फारसे पाळलेले नाही. आणि ‘मस्त’च्या बाबतीत तर तिने पुरती मुखत्यारी गाजविली आहे. धुंदीपासून माज, माजापासून पुष्टता, पुष्टतेपासून मौज आणि मौजेपासून निव्वळ उत्तमपणा, अशी या शब्दाची चाल आहे. ‘मस्तवाल’ आणि ‘मस्तावलेला’ यांत निंदा शिल्लक आहे, मुलांच्या ‘मस्ती’त ती खोडीपुरती उरली, आणि ‘आमटी मस्त झाली’ यात तर कोणासही मद्याची आठवण होत नाही. बाजीराव पेशव्यांच्या मस्तानीचे नाव याच शब्दाच्या पोटचे, आणि त्या नावाचे थंडगार पेय पुण्यात सोवळेओवळे पाळणारी माणसेही निःशंकपणे पितात. ‘मदमस्त’ हा समास मात्र मला फार मौजेचा वाटतो, कारण त्यात संस्कृत ‘मद’ आणि फार्शी ‘मस्त’ यांचे लग्न लावून देणाऱ्यास हे ठाऊक नव्हते, की वधूवर सगोत्र आहेत.

हे सगोत्रत्व कसे, ते थोडे तपशिलाने पाहणे अवश्य आहे. संस्कृत ‘मद्’ या धातूस ‘त’ हा प्रत्यय लागून ‘मत्त’ हे रूप होते. इराणी शाखेतही धातू तोच व प्रत्ययही तोच; परंतु दोन दंत्य वर्ण लागोपाठ आले म्हणजे संस्कृत जेथे ‘त्त’ किंवा ‘द्ध’ करते, तेथे इराणी भाषा ‘स्त’ करतात. म्हणून आपल्याकडे ‘मत्त’ आणि तिकडे ‘मस्त’. हा एकाकी योगायोग नव्हे, कारण आपल्या कचेऱ्यांतून नित्य वावरणारा ‘बंदोबस्त’ हा शब्द त्याच नियमाची साक्ष देतो: त्यातील ‘बंद’ म्हणजे संस्कृत ‘बन्ध’, आणि ‘बस्त’ म्हणजे संस्कृत ‘बद्ध’. उर्दू कवींच्या बैठकीस मराठवाड्यात ‘नशिस्त’ म्हणतात. तिचे जोडीदार रूप वेदांत ‘निषत्त’ असे सापडते. १७८६ साली सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांचे मूळ एक असावे असे जे प्रतिपादन केले, त्याचा खरा पाया अशा नियमबद्ध भेदांवर पुढील शतकात रचला गेला. कानास सारखे वाटणे आणि नियमाने सारखे असणे यांत जो फरक आहे, तो ज्याने ओळखला त्यालाच या शास्त्राची किल्ली सापडते.

आता इंग्रजीकडे वळू. तिच्यातील एका ‘मस्ट’चा आपल्या ‘मस्त’शी प्रत्यक्ष संबंध आहे, आणि तो हत्तीच्या पाठीवरून तेथवर गेलेला आहे. वयात आलेल्या नर हत्तीच्या डोळा आणि कान यांच्यामधील ग्रंथीतून ठरावीक काळी गडद, उग्र वासाचा स्राव वाहू लागतो, त्याच्या रक्तातील पौरुषद्रव्याचे प्रमाण कित्येक पटींनी चढते, आणि एरवी माहुताच्या शब्दाबाहेर न जाणारे ते जनावर काही आठवडे, क्वचित काही महिने, कोणासही आवरत नाही. या अवस्थेस आपल्या पूर्वजांनी ‘मद’ म्हटले आणि त्या स्रावास ‘दान’. याच दानावर श्लेष करून संस्कृत कवींनी राजांची औदार्यस्तुती इतक्या वेळा केली आहे, की अखेर वाचकास हत्तीची दया यावी. कल्याणीच्या चालुक्यवंशीय सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त गजांचे पालन, त्यांस मद आणण्याचे उपचार आणि मत्त गजास रिंगणात धावणाऱ्या माणसांवर सोडण्याचा विनोद यांचे सविस्तर वर्णन आहे. तोच खेळ पुढे बडोदा व कोल्हापूर येथील दरबारांनी ‘साठमारी’ या नावाने चालू ठेविला होता. आज तो शब्द वर्तमानपत्रांतून तिकिटवाटपाच्या भांडणासच तेवढा वापरला जातो, आणि त्यात हत्ती नसला तरी मस्ती असते, हे कबूल केले पाहिजे.

मोगलांच्या पीलखान्यात ‘मस्त’ हा शब्द तर दफ्तरी संज्ञा होऊन बसला होता. अबुल फजलाने ‘आईन-ए-अकबरी’त शाही हत्तींचे जे सात वर्ग सांगितले आहेत, त्यांतील पहिला वर्ग ‘मस्त’ या नावाचा असून शेरगीर, सादा, मंझोला इत्यादी त्याच्या खालचे. आणि प्रत्येकाचा रोजचा शिधा, चाकरांची संख्या व त्यांचे वेतन यांचा दर ठरलेला होता. खुद्द अकबराने १५६१ साली आग्ऱ्यास ‘हवाई’ नावाच्या बेफाम हत्तीवर स्वार होऊन दुसऱ्या हत्तीचा पाठलाग करीत यमुनेवरील नावांचा पूल ओलांडला, तो प्रसंग ‘अकबरनाम्या’त वर्णिलेला व चित्रितही झालेला आहे. हाच अबुल फजल दख्खनच्या मोहिमेच्या काळात जालन्यास वास्तव्य करून होता, असा दाखला जुन्या गॅझेटिअरांत मिळतो. मस्तगड बांधला जाण्यास तेव्हा सव्वाशे वर्षांचा अवकाश होता. परंतु ‘मस्त’ची शासकीय व्याख्या करणारा ग्रंथकार त्या भूमीवर राहून गेला, ही गोष्ट जालनेकरांनी ध्यानी ठेवावी अशी आहे.

कंपनीच्या अंमलात लष्करी सामान वाहण्यासाठी व तोफा ओढण्यासाठी हत्ती बाळगावे लागले, आणि माहुतांच्या तोंडचा हा शब्द साहेबांच्या तोंडी गेला. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या आंग्ल-भारतीय शब्दांच्या कोशात त्याची रीतसर नोंद आहे. इंग्रजीत तो कधी ‘मस्ट’ असा, तर कधी शेवटी ‘एच’ हे अक्षर जोडून लिहितात. मूळ शब्दात महाप्राणाचा मागमूसही नसता हे शेपूट का लागले, याविषयी माझा समज असा, की आपला दंत्य ‘त’ आणि त्यांचा कठोर ‘ट’ यांतील भेद दाखविण्याची ती एक धडपड असावी. काही असो, त्या शेपटामुळे आज्ञार्थी ‘मस्ट’शी होणारा घोटाळा लेखनात तरी टळला, आणि प्राणिशास्त्रज्ञांनी हेच रूप स्वीकारले. मद हा केवळ आशियाई हत्तीचा विशेष, आफ्रिकेच्या हत्तीस तो येतच नाही, असा त्या शास्त्रात दीर्घकाळ प्रवाद होता. केनियातील अंबोसेली येथे हत्तींच्या कळपांचे निरीक्षण करणाऱ्या जॉइस पूल आणि सिंथिया मॉस या दोन विदुषींनी १९८१ साली ‘नेचर’ या नियतकालिकात निबंध लिहून तो खोडून काढला. आणि त्यांच्या त्या निबंधामुळे कधी भारताचे तोंडही न पाहिलेल्या जनावरांच्या शरीरस्थितीस एक फार्शी-हिंदुस्थानी नाव जगभर चिकटले.

आज्ञार्थी ‘मस्ट’ मात्र सर्वस्वी निराळ्या घराण्याचा. प्राचीन इंग्रजीत ‘मोटान’ असे एक क्रियापद होते. त्याचा अर्थ ‘परवानगी असणे, मुभा असणे’. ‘मोट’ हे त्याचे वर्तमानकाळाचे रूप आणि ‘मोस्ते’ हे भूतकाळाचे. मध्ययुगात या भूतकाळवाचक रूपानेच वर्तमानाची गादी बळकावली, आणि अर्थही मुभेकडून सक्तीकडे सरकला. आज या शब्दास स्वतःचा भूतकाळ नाही, ‘करावे लागले’ असे सांगण्यास इंग्रजांस ‘हॅड टू’ असे दुसऱ्याचे दार ठोठवावे लागते, त्याचे कारण हेच, की तो स्वतःच भूतकाळाचे रूप आहे. जुना ‘मोट’ फ्रीमेसन लोकांच्या विधींतील ‘तथास्तु’सारख्या एका वचनात तेवढा जिवंत आहे. जर्मन ‘म्युसन’ हे त्याचे सख्खे भावंड. आणि मोजणे, मापात ठेवणे अशा अर्थाच्या ज्या प्राचीन धातूपासून लॅटिनद्वारा ‘मोड’, ‘मॉडरेट’ आणि ‘मेडिसिन’ हे शब्द आले, त्याच्याशी भाषाशास्त्रज्ञ या कुळाचा संबंध जोडतात. मदाचा आणि या मापाचा काडीचाही संबंध नाही. मुभा देणाऱ्या शब्दाने पुढे हुकूम सोडावा, ही गोष्ट सरकारी कारभाराचा अनुभव असलेल्या वाचकास मुळीच चमत्कारिक वाटणार नाही.

आणि आपल्या ‘पाहिजे’चा इतिहास तरी काय निराळा आहे? तोही असाच वेषांतर केलेला आहे. ‘पाहणे’ या क्रियापदाचे ते जुने कर्मणि रूप. ज्ञानेश्वरकालीन मराठीत ‘कीजे’, ‘देखिजे’, ‘म्हणिजे’ अशी जी रूपे सर्रास चालत, त्यांच्याच पंगतीतले. ज्याची वाट पाहिली जाते, जे शोधिले जाते, ते ‘पाहिजे’. आणि म्हणून ते हवे. आणि म्हणून ते आवश्यक. ती सारी कर्मणि रूपे लयास गेली. ‘म्हणिजे’ ‘म्हणजे’ होऊन उरला, आणि ‘पाहिजे’ तर पुढे ‘पाहिजेत’ असे अनेकवचन धारण करून स्वतंत्र संसार थाटून बसला. इंग्रजांची सक्ती परवानगीतून निघाली, आपली निघाली इच्छेतून. व्याकरणकारांनी या जोडीचा एकत्र विचार करावा, अशी माझी फार दिवसांची सूचना आहे. शालेय पुस्तकांत ‘मस्ट’चा अर्थ ‘पाहिजे’ एवढे छापून जे काम भागविले जाते, त्यात दोन्ही शब्दांवर अन्याय होतो.

तिसरा ‘मस्ट’ द्राक्षांचा. द्राक्षे तुडवून अथवा दाबून काढलेला, सालीबियांसह असलेला, अद्याप न आंबलेला रस म्हणजे मस्ट. नाशिककडील मद्यनिर्मितिगृहांत हा शब्द आता नित्याचा झाला आहे. जालना तालुक्यातील कडवंचीच्या शेतकऱ्यांनी पाणलोटाची कामे आणि शेततळी यांच्या बळावर द्राक्षबागा फुलविल्या, तरी त्यांची द्राक्षे मुख्यतः खाण्याची, म्हणून तिकडे या शब्दाची गरज पडली नसावी. याचे मूळ लॅटिन ‘मुस्तुम’, म्हणजे नवे, ताजे. दारूशी इतकी जवळीक असल्यामुळे हा तरी आपल्या ‘मस्त’चा आप्त निघेल, अशी आशा कोणीही धरील, पण ती व्यर्थ होय. याच्या पोटी जन्मलेला एक शब्द मात्र घरोघर पोहोचला आहे. मोहरी वाटून या रसात कालविण्याची जी चाल युरोपात होती, तिच्यावरून त्या कालवणास फ्रेंच लोक ‘मुतार्द’चे जुने रूप वापरू लागले, आणि त्यातून इंग्रजी ‘मस्टर्ड’ आला. रसाचे नाव मोहरीस मिळाले. रस वगळला गेला तरी नाव गेले नाही. कुबट, बुरसट अशा अर्थाचाही एक ‘मस्ट’ आहे. त्याच्यापाशी रेंगाळण्यात अर्थ नाही.

खरा नवलाचा फैसला पुढेच आहे. ज्यास आपण ‘मास्ट’ असे लिहितो, त्या उच्चाराचे दोन शब्द इंग्रजीत आहेत. पैकी एक जहाजाची डोलकाठी. तिचे नाते काठी, सोटा अशा अर्थाच्या प्राचीन शब्दाशी असून पोर्तुगीजांच्या गलबतांवरून उतरलेला हिंदीतील ‘मस्तूल’ हा तिचाच दूरचा आप्त. दुसरा ‘मास्ट’ शहरी इंग्रजासही फारसा परिचित नाही: ओक, बीच इत्यादी वृक्षांखाली पडणारी, डुकरांच्या चाऱ्यास उपयोगी अशी फळे. विल्यम राजाने १०८६ साली इंग्लंडची जी प्रचंड जमाबंदी करविली, त्या ‘डूम्सडे’ नावाच्या दफ्तरात पुष्कळ ठिकाणी रानाची मोजणी क्षेत्रफळाने न करता, ते रान किती डुकरे पोसू शकते या हिशेबाने केलेली आहे, इतके या फळांचे महत्त्व होते. हे वृक्ष दरवर्षी सारखे फळत नाहीत. काही वर्षे हात आखडता घेऊन एखाद्या साली प्रदेशभरचे सारे एकदम ओथंबतात, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ त्या सालास ‘मास्ट’चे वर्ष म्हणतात. सह्याद्रीवरील कारवी कित्येक वर्षांच्या अंतराने एकाच हंगामात डोंगरचे डोंगर फुलविते, तिचीही जात हीच.

आता हा रानातला, डुकरांच्या तोंडचा ‘मास्ट’ ओलावा, रसाळपणा, पुष्टी दर्शविणाऱ्या ज्या मूळ धातूपासून निघाला असे व्युत्पत्तिकार मानतात, तो धातू म्हणजे आपला ‘मद्’. संस्कृत ‘मत्त’ व ‘मेद’, फार्शी ‘मस्त’, लॅटिनमधील भिजणे व पिऊन झिंगणे या दोन्ही अर्थांचे क्रियापद, आणि पूर्वी कोणत्याही अन्नास लावला जाणारा इंग्रजी ‘मीट’ हा शब्द, हे सारे एका वंशवृक्षाखाली येतात. म्हणजे मस्तगडाच्या पूर्वपदाचा भाऊबंद शोधावयाचा तर तो साहेबाच्या हुकमात सापडत नाही, मद्यगृहातही सापडत नाही. सापडतो ओकच्या झाडाखाली. उलट, ज्या इंग्रजी ‘मॅड’ शब्दाचे ‘मद’ व ‘मत्त’ यांच्याशी नाते आपल्याकडील पुष्कळ हौशी लेखक मोठ्या आत्मविश्वासाने जाहीर करतात, आणि ज्याचा अर्थही इतका जवळचा आहे, त्याचे मूळ बदलणे, पालटणे अशा अर्थाच्या अगदी वेगळ्या धातूत आहे. राजवाड्यांच्या पिढीने शब्दांच्या मागे लागण्याचे जे वेड महाराष्ट्रास लावले ते स्तुत्यच. परंतु त्या वेडात दोन अक्षरे जुळली की सोयरीक जमविण्याची जी घाई शिरली, तिने फार नुकसान केले आहे.

राहिलेल्या हक्कदारांची वासलात थोडक्यात लावता येते. ‘मास्टर’, आपले मास्तर, हे लॅटिन ‘मागिस्तर’चे वंशज. ‘मास्टिफ’ या उग्र दिसणाऱ्या शिकारी कुत्र्याच्या नावाचे मूळ ‘माणसाळलेला’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे, म्हणजे मस्तीच्या नेमके उलट. आणि ‘मस्टर’, जो मराठवाड्यात इतर सर्वांहून अधिक जिव्हाळ्याचा, तो ‘दाखविणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून फ्रेंचमार्गे आला. शिपायांस उभे करून, दाखवून, मोजून घेण्याची ती रीत. १८२७ पासून जालन्यास हैदराबाद कंटिंजंटची जी छावणी होती, तिच्यात याच रीतीने हजेरी होत असणार. १९७२ च्या दुष्काळात सुरू झालेल्या रोजगार हमीच्या कामांवर हा शब्द गावोगावच्या मजुरांच्या तोंडी गेला. ‘मस्टरवर नाव आहे का’ हा प्रश्न ज्या बाया खडी फोडताना विचारीत, त्यांस त्याचे इंग्रजीपण जाणवण्याचे कारण नव्हते. ‘हजेरीपट’ हा सरकारी प्रतिशब्द कागदावर राहिला.

अलीकडे आज्ञार्थी ‘मस्ट’नेही मराठीत प्रवेश केला आहे, पण क्रियापद म्हणून नव्हे. इंग्रजीत पुढे त्याचे नाम झाले, जे चुकवू नये असे काही, या अर्थी. आणि आपण उचलले ते हे नाम, तेही विशेषण करून. ‘हेल्मेट मस्ट आहे’, ‘लग्नात बासुंदी मस्टच’ असे आपण म्हणतो, आणि त्याच्या पुढे ‘पाहिजे’ जोडावयास विसरत नाही. बासुंदी मस्ट आणि बासुंदी मस्त, यांत जालन्याच्या आचाऱ्यास कोणते प्रशस्तिपत्र अधिक रुचेल, हे सांगावयास व्युत्पत्तिशास्त्राची गरज नाही.